शाल-श्रीफळ झालं, आता त्यांचं ऐकून घ्या

प्रति,
माननीय सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसभेला बसणारे गावकरी,
महाराष्ट्रातील सर्व ग्रामपंचायती.

विषय : गावातील वयोवृद्ध माजी सैनिकांची हकीकत त्यांच्या हयातीतच नोंदवून ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

येत्या २६ जानेवारीला तुमच्या गावात झेंडावंदन होईल, शाळेची मुलं कवायत करतील आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर गावातला सर्वांत जुना फौजी बसलेला असेल. त्यांच्या खांद्यावर शाल पडेल, हातात नारळ येईल, फोटो निघेल. हे व्हायलाच हवं, आणि कित्येक गावं ते मनापासून करतात. माझी विनंती त्याच्या पुढची आहे. त्या दिवशी ग्रामसभाही असते. तिच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवा : गावात जेवढे वयोवृद्ध माजी सैनिक आहेत, त्यांच्याजवळ बसून त्यांची हकीकत त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्यायची. रीतसर ठराव करून, माणसं नेमून, मुदत घालून.

घाई कशासाठी, ते वयाचा हिशेब मांडला की कळतं. १९७१ च्या लढाईत अठरा वर्षांचा असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेलाय. १९६५ चा ऐंशीच्या घरात आहे, १९६२ चा त्याच्याही पुढे. दुसऱ्या महायुद्धातला कुणी उरलाच असेल तर तो शंभरीला टेकलेला किंवा शंभरी पार केलेला. त्या युद्धात पंचवीस लाख हिंदी सैनिक होते, सुमारे ८७ हजार परत आले नाहीत. जे आले ते आपापल्या गावी येऊन नांगराला लागले, गिरणीत लागले, आणि एकेक करून गेले. बहुतेकांना कुणी काही विचारलंच नाही.

आमचे आबा, म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, गेल्या वर्षी नव्याण्णव वर्षांचे होऊन गेले. गावाने मोठ्या मानाने निरोप दिला. पारावर शोकसभा झाली, बोलणारे गहिवरून बोलले. पण एका वक्त्याने आबांना चीनच्या युद्धात लढवलं आणि दुसऱ्याने ब्रह्मदेशात. आबा लढले होते इटलीत. त्यात त्या वक्त्यांना दोष देण्यासारखं काही नाही, कारण जी माहिती गावात कुठेच लिहिलेली नाही ती त्यांनी आणायची कुठून? आमच्या घरात मात्र ती आहे, कारण माझी आत्या प्राथमिक शिक्षिका होती आणि निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात ती आबांजवळ रोज दुपारी दोनशे पानी वही घेऊन बसली. आबा तेव्हा ९३ वर्षांचे होते. ती वही समोर ठेवूनच हे पत्र लिहितोय, आणि तुमच्या गावातही अशा वह्या व्हाव्यात एवढंच माझं मागणं आहे.

आबा रायगड जिल्ह्यातले, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीतले. घरात खाणारी तोंडं नऊ, जमीन जेमतेम, त्यातही वरकस जास्त. १९४३ साली, अठराव्या वर्षी ते भरती झाले. आत्याने पहिल्याच दिवशी विचारलं, का गेलात? आबांनी सांगितलं, ‘पोटासाठी. दुसरं काय.’ हे उत्तर आत्याने जसंच्या तसं लिहून ठेवलं, त्यात देशभक्तीची भर घातली नाही. मला त्या वहीतली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पायात पहिल्यांदा बूट घातला तो बेळगावला, ट्रेनिंगमध्ये. आठवडाभर टाचा सोललेल्या. मग मुंबईहून बोटीने निघाले ते इटलीत तारांतो बंदरात उतरले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत, दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये रवाना झाले. वहीत त्या हिवाळ्याची पानंच्या पानं आहेत. चिखल एवढा की लॉऱ्या चालेनात, म्हणून रेशन आणि दारूगोळा खेचरांवरून डोंगरात चढवायचा. खेचराच्या नाकपुड्यांतून वाफ निघे. रात्री पहाऱ्यावर रायफलीचं लोखंड उघड्या हाताने धरवत नसे. कोकणातल्या पोराने कधी न पाहिलेला बर्फ पहिल्यांदा पडला तेव्हा सगळी सेक्शन, म्हणजे त्यांची छोटी तुकडी, तोंड वर करून उभी राहिली आणि हवालदाराने शिव्या देऊन सगळ्यांना खंदकात खाली बसवलं.

एका पानावर पोलादपूरकडच्या जोडीदाराची गोष्ट आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये एका नदीच्या बांधावर तोफेचा गोळा पडला, त्यात तो गेला आणि आबांचा डावा कान कायमचा गेला. नदीचं नाव आबांना शेवटपर्यंत आठवलं नाही. बांध मात्र किती उंच होता ते हात वर करून दाखवायचे. १९४६ मध्ये सुटून आल्यावर ते चालत त्या जोडीदाराच्या घरी गेले. आई ओटीवर बसलेली होती. तिने काही विचारण्याआधीच आबांना रडू आलं. मग तिने एकच विचारलं, ‘त्या दिवशी जेवला होता का?’ जेवला होता. संध्याकाळी डाळ-रोटी मिळाली होती, आणि ती गरम होती, कारण त्या दिवशी खेचरं वेळेवर पोचली होती. आबांनी हे सगळं तिला सांगितलं. पुढे ती म्हातारी जिवंत होती तोवर दर दिवाळीला आबा तिच्याकडे पायलीभर नवे तांदूळ घेऊन जात. आमच्या घरातल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. दिवाळीत आबा दोन दिवस कुठे जातात, तर ‘कामाला’, एवढंच सगळ्यांना माहीत. आत्याने वही घेतली नसती तर ती ओटी, तो प्रश्न आणि ते तांदूळ आबांबरोबरच गेले असते.

आता त्या पलटणीबद्दल थोडं, कारण माझं म्हणणं तिथूनच नीट मांडता येईल.

आबा जाऊन दाखल झाले तेव्हा पलटणीत एकाच माणसाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आंबेरवाडीचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगन चालली. ते स्वतः सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळीने लोळवलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. मग आडोशाला लपलेल्यांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते त्याच ठाण्यात पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्यांची कबर सापडलेली नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. आणि २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्याशा गावाने, तिथल्या नगरपालिकेने आणि इतिहासप्रेमींनी पुढाकार घेऊन, त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. ज्या गावाच्या परिसरात आपला माणूस पडला त्या परक्या गावाला एकोणऐंशी वर्षांनी त्याची आठवण ठेवावीशी वाटली, याने ऊर भरून येतो.

पण घाडग्यांनी मॅगझिन बदललं नाही, बंदूक उलटी धरली, हे आपल्याला आज एवढं बारीक कसं ठाऊक आहे? लढाई संपल्यावर कुणीतरी पाहणाऱ्यांना जवळ बसवून विचारलं आणि लिहून काढलं म्हणून. शौर्यपदकाचं मानपत्र म्हणजे असतं काय? साक्षीदारांचं सांगणं, ताबडतोब कागदावर आलेलं. त्याच पलटणीतले, त्याच डोंगरावरचे बाकीचे शेकडो जवान परत आले. त्यांनीही पाहिलं होतं, भोगलं होतं, ओढून आणलं होतं. त्यांच्याजवळ कागद-पेन्सिल घेऊन कुणी बसलं नाही, म्हणून ते आपल्या लेखी झालेच नाहीत.

सेनियो नदीच्या बांधावर ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ते पहिल्या पलटणीचे. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन टाकून देऊन त्यांनी ग्रेनेडनी मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून पलटणीची ललकारी दिली. ते जगले, १९८४ पर्यंत आपल्यात होते. इटलीतल्या लढायांत मिळालेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांचे आणि त्यातले दोन मराठी मुलखातले. ५,७८२ हिंदी सैनिक तिथल्या मातीत राहिले. आपल्या शाळेच्या पुस्तकात ही लढाई कितीशी येते, ते तुमच्या गावातल्या गुरुजींना विचारून पाहा.

याचं कारण उघड आहे. ही माणसं स्वातंत्र्यसैनिकांत बसत नव्हती आणि स्वतंत्र भारताच्या सैनिकांतही. ‘इंग्रजांचे शिपाई’ म्हणून त्यांच्याकडे जरा संकोचानेच पाहिलं गेलं. आबांनीही तो संकोच आयुष्यभर पाळला. मेडल पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या आणि सातबाऱ्याच्या खाली. पितळी, सहा टोकांचा इटली स्टार आणि त्याची फीत, लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल. पांढऱ्याचा पिवळा झालेला, हिरवा मात्र अजून तसाच. मला वाटतं हा संकोच आता गावांनी संपवायला हवा. पोटासाठी गेलेला अठरा वर्षांचा पोरगा फॅसिस्टांच्या विरुद्ध लढला, जिवावरच्या प्रसंगात जोडीदाराला सोडून पळाला नाही, आणि परत येऊन सरळ माणसाचं आयुष्य जगला. यात झाकण्यासारखं काय आहे?

आणि पलटण तीच असते. मराठ्यांची ही तिसरी पलटण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर छत्रीधारी झाली आणि पुढे ‘टू पॅरा’ म्हणून ओळखली गेली. ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी तीच पलटण पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ विमानांतून उतरली, पुंगलीचा पूल ताब्यात घेतला, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरली. टांगाइलला उतरण्याच्या आदल्याच रात्री जमालपूरला पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, रस्ता अडवून बसली होती. जमालपूरच्या वेढ्यातला पत्रव्यवहार सगळ्यांना माहीत आहे : भारतीय ब्रिगेडियरने शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि पाकिस्तानी कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. ती चिठ्ठी इतिहासात गेली. पण त्या रात्री अंधारात वेढा फोडायला आलेल्या फौजेसमोर जो शिपाई ओल्या जमिनीवर पालथा पडून होता, तो आज कदाचित तुमच्याच गावात दूध घालायला डेअरीवर येतो. त्याला काय ऐकू आलं, त्याच्या शेजारी कोण होतं, थंडी होती का, पाणी होतं का? ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या रात्री समुद्रातून जिवंत निघालेल्यांपैकी कुणी आपल्या किनाऱ्यावर असेल तर त्यांच्याजवळ बसायला आपण कशाची वाट पाहतोय?

कोकणात आणि देशावर काही गावांत पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसवलेल्या दगडी पाट्या आहेत. तुमच्याही गावात असेल, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत. मजकूर सगळीकडे एकाच साच्याचा : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स. आकडे आहेत, नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. त्या गावाने आपली परंपरा एवढी जपली की गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी झालं. पण सगळीच गावं अपशिंगे नसतात. बाकी ठिकाणी ती पाटी वाचून आज कुणी सांगू शकेल का, की ते ‘इतके’ कोणाच्या घरातले होते? २०२३ मध्ये आपण गावोगाव शिलाफलक बसवले, त्यावर वीरांची नावं कोरली. नावापर्यंत आलो, हे चांगलं झालं. आता हकिकतीपर्यंत जाऊ या. आणि जे हयात आहेत त्यांची हकीकत तर दगडावर कोरायचीही गरज नाही, खिशातल्या मोबाइलवर मावते.

इंग्लंडातल्या हॅरी पॅच या माणसाबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. धंद्याने प्लंबर. १९१७ साली बेल्जियममधल्या पाशेंडेलच्या चिखलात तो मशीनगनच्या तुकडीत होता. २२ सप्टेंबरच्या रात्री गोळा फुटून त्याचे तीन जोडीदार गेले. घरी आला, नळ जोडत राहिला, आणि ऐंशी वर्षं युद्धाबद्दल चकार शब्द बोलला नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. शंभरी झाल्यावर १९९८ मध्ये कुणीतरी मुलाखत घ्यायला आलं, तेव्हा तो बोलला. मग शेवटपर्यंत बोलत राहिला. २००४ मध्ये तो समोरच्या, म्हणजे जर्मनांच्या बाजूने लढलेल्या १०७ वर्षांच्या शार्ल क्युएंत्झला भेटला.  २००९ मध्ये १११ वर्षांचा होऊन पॅच गेला तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या खंदकात लढलेला तो शेवटचा ब्रिटिश सैनिक होता. आपल्या अंत्यविधीत शोभेचंसुद्धा शस्त्र नको, असं त्याने सांगून ठेवलं होतं. त्याने ऐंशी वर्षांचं मौन सोडलं, कारण कुणीतरी समोर बसून विचारलं. आणि ते सांगणं आज ध्वनिफितींत जपलेलं आहे. अमेरिकेत तर २००० सालापासून तिथल्या संसदेच्या ग्रंथालयाने कुणाही नागरिकाला मुभा दिली आहे : तुमच्या गल्लीतल्या सैनिकाला निदान अर्धा तास बोलतं करा, ध्वनिमुद्रण पाठवा, आम्ही जपू. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. शाळकरी पोरंही करतात. हे काम आपल्या ग्रामपंचायतीला जड आहे असं मला अजिबात वाटत नाही.

यादी तर तुमच्या दप्तरातच आहे. २०२० पासून माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे, त्यासाठी आलेले अर्ज फाइलला असतील. ते काढा, वयाप्रमाणे लावा आणि सर्वांत वयस्कर माणसापासून सुरुवात करा. पदकवाल्यांपासून नको. स्वयंपाकी, ड्रायव्हर, वायरलेसवाला, न्हावी, धोबी, रुग्णसेवक, खेचरं हाकणारा, यांचं सांगणं कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, म्हणून ते आधी घ्या.

दर नोव्हेंबरला हे लोक हयातीचा दाखला द्यायला निघतात. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून बँकेत जातात, अंगठा लावतात, जिवंत असल्याचं सिद्ध करतात आणि परत येतात. त्याच आठवड्यात गावातल्या दोघांनी त्यांच्या घरी जावं, अशी माझी सूचना आहे. आबांना तर पेन्शनही नव्हती. महायुद्ध संपल्यावर घाऊक कपात झाली, पंधरा वर्षांची नोकरी पुरी होण्याचा प्रश्नच नव्हता. उशिरा राज्य शासनाची दरमहा मदत सुरू झाली तेव्हा त्यांना पैशांपेक्षा जास्त आनंद कशाचा झाला, तर कागदावर त्यांच्या नावामागे ‘माजी सैनिक’ असं लिहिलेलं होतं याचा. तो कागद त्यांनी चार वेळा वाचून घेतला.

कसं विचारायचं, तेही आत्याच्या वहीतून शिकण्यासारखं आहे. किती माणसं मारलीत, असं तिने एकदाही विचारलं नाही. ती विचारायची : त्या दिवशी जेवायला काय होतं, झोपायला काय होतं, बूट कुठे भिजले, घरचं पत्र किती दिवसांनी आलं, ते वाचून कोणी दाखवलं. त्यातून बाकीचं आपोआप निघत गेलं. आबा थांबले की ती थांबायची. डोळे भरले की वही मिटायची आणि चहा टाकायची. गावांची नावं ते जशी उच्चारत तशीच लिहायची, नकाशा नंतर पाहायची. तारीख चुकली तर तोंडावर दुरुस्त करायची नाही. आणि एका बैठकीत उरकायचं नाही. पाऊण तासानंतर नव्वदीचा माणूस थकतो. गावात दुसरा कुणी पलटणीतला असेल तर त्याला शेजारी बसवा. दोन फौजी एकत्र आले की पहिली पाच मिनिटं कोण कुठल्या पलटणीचा, सुभेदार कोण होता, यात जातात आणि मग जे बोलणं सुरू होतं ते आपल्यासारख्याने विचारून कधीच निघत नाही.

कागदही पाहून ठेवा. डिस्चार्ज बुक, पलटणीचा नंबर, मेडलांची नावं. पेटीत ‘पूर्वी स्टार’ हे मेडल असेल तर माणूस १९७१ मध्ये पूर्वेला होता, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेला. समर सेवा स्टार असेल तर १९६५. घरच्यांना बऱ्याचदा हे ठाऊक नसतं आणि वाटण्यांच्या वेळी ती मेडलं मोडीत जातात, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निदान फोटो काढून ग्रामपंचायतीत ठेवा. आजच्या फौजेच्या ठाण्यांबद्दल, हत्यारांबद्दल मात्र कुणी काही विचारू नये. आपल्याला माणसाची गोष्ट हवी आहे.

त्यांच्या बायकांना विसरू नका, हे मी हात जोडून सांगतो. काकू, आजी म्हणून ज्या चुलीशी बसलेल्या असतात त्यांनी ते युद्ध घरात राहून काढलेलं असतं. १९६५ आणि १९७१ मध्ये रेडिओ कुणाच्या घरी होता, बातम्या ऐकायला कोण कोण जमायचं, मनीऑर्डर कुठल्या महिन्यात आली नाही, तारवाला सायकलवरून वाडीत शिरला तेव्हा बायका कशा दारात येऊन उभ्या राहिल्या, हे त्याच सांगू शकतात. नवऱ्याला जे बोलवत नाही ते कित्येकदा त्यांना माहीत असतं. किती रात्री तो ओरडून उठायचा, हेही. आबांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, आत्याला सांगितलं की लग्नानंतर पाच-सहा वर्षं आबा दिवाळीत फटाके वाजले की गोठ्यात जाऊन बसायचे, म्हशीजवळ.

आणखी एक. हकीकत युद्धापाशी थांबवू नका. आबांचं युद्ध तीन वर्षांचं होतं आणि आयुष्य नव्याण्णव वर्षांचं. सुटून आल्यावर ते मुंबईत गिरणीत लागले, परळच्या गाळ्यात वीसेक माणसांत राहिले, खानावळीत जेवले. १९८२ चा संप झाला तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. गिरणी परत काही नीट सुरू झाली नाही, ते गावी आले, आणि पुढची बेचाळीस वर्षं आमच्या वाडीला लाभली. मृगाच्या आधी ते घराभोवती पाण्याची चर खणायचे. दोरी लावून सरळ, कोपरे काटकोनात, उतार बोटांनी चाचपून. इटलीत तंबूभोवती अशी चर नसली तर अंथरूण पाण्यात, म्हणून ती शिकलेली. आमच्या वाडीत पावसाळ्यात एकाही घराच्या भिंतीत पाणी मुरत नसे, कारण नव्वदीपर्यंत आबा दरवर्षी प्रत्येक घराची चर बघून यायचे आणि वाकडी असली तर मालकाला उठवून सरळ करायला लावायचे. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावत, तेव्हा आबा मोरीवर बसून त्यांचे फेरे मोजत. त्यातली सात पोरं आज फौजेत आणि पोलिसांत आहेत. त्यांना आबांनी पहिली गोष्ट शिकवली ती मोजे कोरडे ठेवायची.

शोकसभेत यातलं काही आलं नाही. ‘थोर देशभक्त’ आलं, ‘पोकळी निर्माण झाली’ आलं. मी त्या मंडळींचा आदर करतो. पण आबा एवढे बारीक, एवढे स्पष्ट होते. त्यांना त्यांच्या चरीसकट, त्या तांदळासकट आठवलं जावं असं मला वाटतं, आणि तुमच्या गावातल्या आबांनाही.

म्हणून ठरावात निदान इतकं असावं. गावातल्या ऐंशीच्या वरच्या प्रत्येक माजी सैनिकाकडे आणि सैनिकाच्या विधवेकडे दोन माणसं जातील, त्यातली एक शक्यतो शाळेतली शिक्षिका किंवा कॉलेजातली मुलगी असेल. मोबाइलवर आवाज घेतला जाईल, वहीत लिहिलं जाईल, त्या माणसाला वाचून दाखवलं जाईल आणि त्याची संमती घेतली जाईल. जे त्याला नको असेल ते गाळलं जाईल. एक प्रत घरच्यांना, एक शाळेला, एक ग्रामपंचायतीच्या कपाटात, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि शक्य झाल्यास एक त्याच्या पलटणीच्या रेजिमेंटल सेंटरला. खर्च म्हणाल तर वह्यांचा आणि चहाचा. एक मेपर्यंत पहिली फेरी पुरी व्हावी, कारण त्या दिवशी पुन्हा ग्रामसभा असते आणि कुणाकुणाकडे जाऊन आलो ते सगळ्यांसमोर सांगता येईल.

आमच्या ग्रामपंचायतीकडे हा विषय मी लेखी दिला आहे. आत्याच्या वहीची छायाप्रत सोबत जोडली आहे. आमच्या वाडीत आता १९७१ चे दोघे उरलेत, एक ७६ वर्षांचे आणि एक ८१. दोघांशी बोलणं झालंय. थोरल्यांना सकाळची वेळ सोयीची पडते, दुपारनंतर त्यांना दम लागतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
रायगड जिल्ह्यातील एक गावकरी